बार्बेदिएनची ब्राँझ व्हीनस घेतली, सहा महिन्यांनंतरचा अनुभव

पॅरिसजवळच्या सँ-तुआँच्या जुन्या बाजारातून ही व्हीनस द मिलो, म्हणजे हात नसलेल्या त्या प्रसिद्ध ग्रीक मूर्तीची बार्बेदिएनच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) केलेली छोटी ब्राँझ प्रत, घेतली त्याला सहा महिने झाले, येता-जाता रोज नजर जाते तिच्याकडे, म्हणून म्हटलं आता लिहावंच. उंची जेमतेम दीड फूट पण उचलायला दोन्ही हात लागतात. मूळ संगमरवरी मूर्ती पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये, दोन मीटरच्या वर उंच, १८२० साली ग्रीसच्या मिलोस बेटावर सापडलेली.

कॉपीच ना शेवटी, असं मित्र म्हणाला. हो कॉपीच, पण अंदाजपंचे केलेली नाही. आशिल कोलास नावाच्या माणसाने १८३६ च्या सुमारास मशीन काढलं, त्याची एक सुई प्लास्टरच्या मूर्तीवरून फिरवायची आणि दुसरीकडचं पातं त्याच प्रमाणात लहान मूर्ती कोरत जातं. फर्दिनांद बार्बेदिएन आधी वॉलपेपर विकायचा, त्याने १८३८ ला कोलासशी पार्टनरशिप केली आणि म्युझियममधल्या मूर्ती लोकांच्या दिवाणखान्यात आल्या. मशीनचं काम मात्र साच्यापर्यंतच, ओतल्यानंतर छिन्नी घेऊन माणूस बसायचा आणि ते दिसतं हो, मागे मानेवर केसांचा बुचडा आहे ना तिथे एकेक बट वेगळी काढलीये, आणि कमरेखाली वस्त्राची चुणी इतकी खोल की बोटाचं टोक आत जातं. गुडघ्यावर तपकिरी रंग घासून आतला तांबूस धातू दिसायला लागलाय, मला ती जागा सगळ्यात आवडते, किती जणांचे हात लागले असतील.

घेताना बघायचं काय तर बैठकीवर फाउंड्रीचं नाव कोरलेलं असतं आणि कोलासचा छोटा गोल शिक्का, मध्ये त्याचा चेहरा. नुसत्या नावावर जाऊ नका, खोटी नावंही घालतात. वजन बघा, आणि बूड उलटं करून एखादा जुना ओरखडा शोधा, पिवळसर-तांबूस दिसला तर ठीक, चांदीसारखा करडा दिसला तर ते जस्ताचं मिश्रण, वरून ब्राँझचा रंग दिलेलं. ते ब्राँझच्या किमतीला घेऊ नका.

तक्रार एकच, आतला नट सैल होता, घरी आणल्यावर मूर्ती बैठकीवर हलायला लागली. दुकानदाराने आधी सांगायला हवं होतं, विचारल्यावर म्हणाला जुन्या वस्तूत चालायचंच, हे काही पटलं नाही. नट मीच आवळला, दहा मिनिटांचं काम. किमतीत मात्र घासाघीस झाली, अकराशे युरो सांगितले होते, साडेआठशेला दिली.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली चिंच लावून घास, लख्ख होईल. अजिबात नको! तो तपकिरी थर मुद्दाम चढवलेला असतो, तो गेला की किंमतही गेली आणि रूपही गेलं. मी फक्त मऊ ब्रशने धूळ काढतो, ती चुण्यांमध्येच जास्त बसते.

बाजार शनिवार ते सोमवार असतो, सोमवारी बरीच दुकानं बंद सापडतात, त्यामुळे शनिवारी सकाळीच जा आणि बूड नीट बघायला मोबाईलचा टॉर्च सोबत ठेवा.