करकरणारे पलंग आणि कट्ट्याचे मेस्त्री : पाचपैकी चार तारे

तारकर्लीच्या रस्त्याला आमचं न्याहारी-निवास आहे. पाहुणे खोल्यांबद्दल बरं लिहितात, सोलकढीबद्दल तर फारच बरं. पण हल्ली दोघातिघांनी एकच तक्रार लिहून ठेवली : पलंग रात्रभर करकरतो. नवी लग्नं झालेली जोडपी जिथे उतरतात तिथे हे वाक्य किती महागात पडतं, ते धंदा करणाऱ्यालाच कळेल.

घरात नवे पलंग घ्यायचं चाललं होतं. एक फर्निचरवाला तर आमचे जुने फणसाचे पलंग भंगाराच्या भावात उचलायला तयारच होता. तेवढ्यात शेजारच्या काकींनी कट्टा गावच्या या सुतार मेस्त्रींना बोलवायला सांगितलं.

मला आवडलं ते हे, की त्यांनी आल्या आल्या हातोडी काढली नाही. "आवाज खंयसून येता ता आधी बघूक होया," म्हणाले. गादी खाली काढायला लावली, पाट्या उचलल्या आणि नुसता सांगाडा चारी खुरांना धरून हलवला. एका पलंगाचा आवाज तिथेच बंद झाला. म्हणजे दोष सांध्यात नव्हता, पाट्या खालच्या पट्टीवर घासत होत्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मध्ये बसवल्या, संपलं काम. ट्यूबही आमचीच, पडवीत लोंबत होती.

दुसऱ्याचं दुखणं खोल होतं. मुलाला एका टोकाला बसवून त्यांनी माझं बोट उशाकडच्या सांध्यावर ठेवलं. मुलगा हलला की तिथली फट केसाएवढी उघडायची आणि मिटायची, बोटाला साफ कळत होतं. आपल्या सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. पावसाळ्यात कूस, म्हणजे पट्टीचं खोबणीत बसणारं टोक, फुगून चेपली जाते, आणि हिवाळ्यात आकसली की पहिल्यापेक्षा बारीक होऊन बसते. असे काही पावसाळे गेले की खुळखुळा झालाच.

मी म्हटलं, एक खिळा ठोकून भागेल का? "खिळो मारलास काय सांधो गेलो समजा," इति मेस्त्री. खिळा हलणारा सांधा धरून ठेवत नाही, उलट लाकूड चिरतो. शिवाय खाऱ्या हवेत तो गंजतो तो वेगळाच. त्यांनी सांधा पूर्ण सोडवला आणि कुशीवरचा जुना सरस पटाशीने खरवडून काढला, कारण सुकलेल्या सरसावर नवा धरत नाही. मग कुशीला दोन्ही बाजूंनी फणसाच्याच पातळ चिपा लावल्या, पाण्याला टिकणारं फेविकॉल भरलं, सांधा ठोकून बसवला. आवळायला शिकंजा आणला नव्हता. सुंभाची दोरी गुंडाळून, मध्ये काठी घालून असा पीळ दिला की फटीतून फेविकॉल बाहेर आलं. ते लगेच ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी बसायचं नाही, अशी ताकीद.

तिसऱ्या पलंगाच्या सांध्यात आमच्या ह्यांनी मागे खोबरेल सोडलं होतं. त्यावरून बोलणी खाल्ली ती मी! "वैनी, ह्या तेल कोणी घातल्यान?" तेल लाकडात मुरतं, वर धूळ धरून चिकट होतं, आणि पुढे त्या जागी सरस लागत नाही. घासणाऱ्या जागी काही लावायचंच तर साधी मेणबत्ती घासा, असं त्यांचं म्हणणं. साबणही नको, तो ओल ओढून घेतो आणि जवळचे स्क्रू गंजवतो. तेलकट झालेलं लाकूड तासून काढण्यात त्यांचा निम्मा दिवस गेला, पण पैसे वाढवून मागितले नाहीत. सांधा उघडून केलेल्या पलंगाचे सहाशे रुपये, आणि ट्यूबवाल्याचे नुसता चहा. नव्या पलंगाच्या मानाने हे काहीच नाही.

आता एक तारा का कापला ते. बिल मिळत नाही. फोन उचलत नाहीत. "उद्या येतंय" म्हणाले की तो उद्या पुढच्या आठवड्यात उजाडतो, तेव्हा त्या तारखेला खोलीचं बुकिंग घ्यायचं नाही. आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या तयार पलंगाला ते हात लावत नाहीत. आमच्या मागच्या खोलीत तसला एक आहे, त्याचे स्क्रू सुटले की भोकाचाच चुरा होतो. "ह्यां लाकूड न्हय" म्हणून मोकळे झाले. फार मागे लागल्यावर आतून लोखंडी कोन मारून दिले, पण तो अजून थोडा कुरकुरतोच. पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्यांनाही नकार. ते लोखंडाचं काम, ग्रीस लावा म्हणाले. लावलं, गप्प झाला.

बोलवायचं असेल तर वेळ बघून बोलवा. आषाढापासून चतुर्थीपर्यंत ते गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, असतात, तेव्हा पलंगाचं नाव काढू नका. आणि पावसात फुगलेल्या लाकडाचे बोल्ट कचकचून आवळले तर डोकं लाकडात रुततं आणि थंडीत पुन्हा ढिलं पडतं. आम्ही राहिलेले दोन पलंग फेब्रुवारीत करणार आहोत. तेव्हा हवा कोरडी असते, सरस लवकर सुकतो आणि खोल्याही रिकाम्या मिळतात.