तिकीट लावावे की झोळी फिरवावी?

युवा समूहगान मंडळाचा वार्षिक कार्यक्रम नाशिकच्या कालिदास कलामंदिरात तिकीट लावून करावा की गोदाघाटावर विनामूल्य करून झोळी फिरवावी, असे एका ताईंनी विचारले आहे. नाट्यगृहाचे भाडे आधी भरावे लागते आणि तिकिटे बहुधा मामा-मावश्याच घेतात. घाटावर भाडे वाचले तरी ध्वनिक्षेपकाची परवानगी चुकत नाही आणि रात्री १० नंतर तो बंदच ठेवावा लागतो. गाण्याच्या दृष्टीने सभागृह निर्विवाद सरस आहे, कारण उघड्यावर शेजारी गाणाऱ्याचा स्वर ऐकू येत नाही. आमच्या मुलांची मागची रांग एकदा अंतऱ्यातच अर्धी मात्रा पुढे पळाली होती. नवी मुले मात्र घाटावरच मिळतात, सायकल टेकवून शेवटपर्यंत ऐकणारी. त्यामुळे ज्यांच्याकडे देणगीदार आणि सरावाने बसलेला संच आहे त्यांनी सभागृह घ्यावे. गायकच कमी असतील तर घाट बरा.