‘ग्राइंडहाउस’ : एका तिकिटावरचा जोडखेळ अखंडच पाहावा

रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि क्वेंटिन टॅरेंटिनो या अमेरिकी दिग्दर्शकांचा ‘ग्राइंडहाउस’ ज्याला पाहायचा असेल, त्याने तो १९१ मिनिटांचा, जसा २००७ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला तसाच पाहावा आणि त्यासाठी २०१० साली निघालेला दोन डिस्कचा ब्लू-रे संच मिळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्लॅनेट टेरर’ आणि ‘डेथ प्रूफ’ हे यातले दोन चित्रपट सुटे आणि लांबवलेल्या स्वरूपात सहज मिळतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक रसिकांनी ते तसेच पाहिलेले असतात. परंतु सुटे पाहिले की त्यांतला एक बरा भयपट उरतो आणि दुसरा संथ चालीचा पाठलागपट. ज्या गोष्टीला त्यांनी मानाचा मुजरा केला आहे, ती गोष्टच हातातून निसटते.

ती गोष्ट म्हणजे कोणताही एक चित्रपट नव्हे, तर स्वस्तातल्या चित्रपटाचा पूर्ण खेळ. १९६० आणि १९७०च्या दशकांत न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील कळकट चित्रपटगृहांत आणि गावोगावच्या, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या मैदानांत एका तिकिटावर दोन चित्रपट दाखवीत. अशा कळकट चित्रपटगृहांनाच ‘ग्राइंडहाउस’ म्हणत. हिंसा, देहप्रदर्शन, भुतेखेते, मोटारींचे पाठलाग, असे जे मोठ्या कंपन्या दाखवायला कचरत, ते हे छोटे निर्माते थोड्या पैशांत दाखवीत. अशा स्वस्त चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी १९६०च्या ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे मुख्य चित्रीकरण जेमतेम दोन दिवसांत उरकले होते. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी तर कित्येकदा आधी नाव आणि पोस्टर ठरवी आणि मग त्यांना शोभेल असा चित्रपट तयार करवून घेई. अशा चित्रपटांच्या प्रती मोजक्याच निघत, आणि त्याच प्रती या गावाहून त्या गावी, पार झिजून जाईपर्यंत फिरत राहत.

हे वर्णन इंदूरच्या वाचकाला परके वाटू नये. मध्य भारतातल्या चित्रपट-वितरणाचे हे जुने ठाणे. इथूनच प्रिंटच्या पेट्या निघत आणि माळवा-निमाडच्या टॉकीजमधून फिरत. सिंगल स्क्रीनचा तो काळ सरला असला, तरी आपण अजूनही रिक्षावाल्याला रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा अशा टॉकीजच्या नावांच्याच खुणा सांगतो. शेवटच्या टॉकीजपर्यंत पोहोचता पोहोचता त्या प्रिंटची काय दशा होई, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ‘ग्राइंडहाउस’मधली प्रत्येक रेघ ओळखीची वाटेल.

आम्ही हा संच रामबागेतल्या एका स्नेह्यांच्या माडीवर, भिंतभर पडद्यावर पाहिला. मंडळींत एक काका असे होते, की ज्यांची उमेदीची वर्षे टॉकीजच्या ऑपरेटर-केबिनमध्ये गेली. ‘प्लॅनेट टेरर’च्या पहिल्याच काही मिनिटांत पडद्यावर उभी हिरवी रेघ नाचू लागली, तेव्हा काका म्हणाले, “ही खरी रेघ आहे. काळी रेघ म्हणजे फितीच्या पाठीवरचा ओरखडा. हिरवी आली की समजावे, मसाला खरवडला गेला.” पुढे त्यांनी जे समजावून सांगितले, ते या चित्रपटाच्या आस्वादाची किल्लीच म्हणावे लागेल. रंगीत प्रिंटवर रंगांचे थर एकावर एक असतात. सर्वांत वरचा किरमिजी थर गेला की ओरखडा हिरवा दिसतो, त्याखालचाही गेला की पिवळा, आणि सगळेच थर गेले की पांढराफटक. याचा अर्थ असा की रेघेच्या रंगावरून प्रिंट किती हात फिरून आली आहे, हे जाणकार सांगू शकतो. फीत यंत्रात अडकून दिव्यासमोर जळली, तर ऑपरेटर जळका तुकडा कापून ‘सिमेंट’ नावाच्या चिकट द्रवाने जोड मारी आणि खेळ पुढे सुरू करी. प्रत्येक जोडाबरोबर काही चौकटी कायमच्या जात, आणि म्हणून जुन्या प्रिंटमध्ये पात्रे अर्ध्या वाक्यातच उडी मारीत.

रॉड्रिगेझ यांनी ‘प्लॅनेट टेरर’ डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि हे सारे व्रण नंतर चढवले. विषारी वायूमुळे माणसे सडू लागतात, टेक्सासमधल्या एका गावात मूठभर लोक तग धरतात, आणि पाय गमावलेली नर्तकी चेरी अखेरीस त्या जागी मशिनगन बसवून लढते, इतकीच कथा आहे. रोझ मॅक्गोवन यांनी ही चेरी दुःख आणि मिजास यांच्या मिश्रणाने अशी उभी केली आहे, की तो अचाट पायही पटतो. माझी तक्रार वेगळी आहे. रॉड्रिगेझ यांना हौस आवरत नाही. रक्ताची कारंजी, स्फोट आणि गळणारी त्वचा यांचा मारा इतका सतत होतो, की तासाभराने त्याचा धसका उरत नाही. जुन्या निर्मात्यांना परवडत असे ते एकच दृश्य, आणि म्हणूनच ते त्याची वाट पाहायला लावीत. इथे काटकसरीने घडवलेली ती चव पैशाच्या सुबत्तेत हरवते.

मात्र एका ठिकाणी रॉड्रिगेझ यांनी जे केले आहे, ते मी या क्षेत्रातले अव्वल काम मानतो. चेरी आणि तिचा प्रियकर रे एकत्र येतात, रेघा वाढतात, फीत फडफडते, जळते, आणि पडद्यावर पाटी येते की एक रीळ गहाळ आहे, व्यवस्थापन दिलगीर आहे. चित्रपट पुन्हा सुरू होतो तेव्हा ज्या खाणावळीत सर्वजण जमले आहेत ती पेटलेली असते, आणि रे याच्यावर मघापर्यंत काडीचाही विश्वास नसलेला शेरीफ, खरी ओळख सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानीत असतो. ती ओळख कोणती, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. एक रीळ हरवले की कथेचे किती हरवते आणि तरीही प्रेक्षक ते आपल्या मनाने कसे भरून काढतो, याचा याहून नेमका प्रत्यय मला दुसरीकडे आलेला नाही. टॅरेंटिनो यांनीही ‘डेथ प्रूफ’मध्ये, नेमके एक मादक नृत्य सुरू होणार तिथेच, असेच रीळ गायब केले आहे, सुट्या आवृत्तीत ते नृत्य परत घातले आहे, आणि त्याबरोबर त्या गाळलेल्या जागेतली सारी जान गेली आहे.

दोन चित्रपटांच्या आधी आणि मध्ये अस्तित्वातच नसलेल्या चित्रपटांच्या झलका, म्हणजे ट्रेलर, आहेत. दिग्दर्शक एडगर राइट यांची ‘डोन्ट’ ही झलक मला सर्वांत सरस वाटली. युरोपातले भयपट अमेरिकेत विकताना उच्चारांवरून परकेपणा कळू नये म्हणून झलकेत पात्रांना बोलूच देत नसत. राइट यांनी ती खुबी पकडून संपूर्ण झलक निवेदकाच्या धमकीवजा आवाजावर तोलली आहे. रॉब झॉम्बी यांची झलक मात्र एका कल्पनेवर ताणलेली आहे. मध्येच एका खाणावळीची रंग उडालेली जाहिरातही येते, आणि आपल्या टॉकीजमध्ये मध्यांतराला दिसणाऱ्या साड्यांच्या दुकानांच्या स्लाइडी आठवतात. या झलकांपैकी रॉड्रिगेझ यांच्या ‘मशेटी’चा २०१० साली आणि इलाय रॉथ यांच्या ‘थँक्सगिव्हिंग’चा २०२३ साली खरोखर पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. आधी जाहिरात आणि मग चित्रपट, हा जुन्या धंद्याचा क्रम त्यामुळे नकळत पाळला गेला.

आता ‘डेथ प्रूफ’. त्याच्या सुरुवातीला क्षणभर एक सुबक नाव झळकते आणि लगेच त्या जागी काळ्या पाटीवर साध्या अक्षरांत ‘डेथ प्रूफ’ येते. चालला नाही म्हणून नाव बदलून पुन्हा गल्ल्यावर लावलेल्या चित्रपटाची ही खूण आहे, आणि ती टॅरेंटिनो यांनी एकही शब्द न बोलता दाखवली आहे. कर्ट रसेल यांचा स्टंटमन माइक आपल्या भक्कम केलेल्या मोटारीने तरुणींना ठार मारतो. पूर्वार्धातला अपघात चार वेळा, दर खेपेस वेगळ्या मुलीच्या बाजूने दाखवला जातो, आणि त्या वेळी गप्पांच्या लांबलचक प्रसंगांचा हिशेब चुकता होतो, कारण त्या गप्पांतूनच त्या चौघी आपल्या परिचयाच्या झालेल्या असतात. तरीही पूर्वार्ध दहा मिनिटांनी कमी असता, तर बिघडले नसते.

उत्तरार्धात झोई बेल येतात. ‘किल बिल’मध्ये ऊमा थर्मन यांच्या जागी जोखमीची कामे त्यांनीच केली होती, पण तिथे त्यांचा चेहरा दिसू द्यायचा नव्हता. इथे त्या स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने १९७०च्या पांढऱ्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर, केवळ दोन पट्ट्यांच्या आधाराने पडून आहेत, आणि मागून माइकची मोटार धडका देते आहे. माडीवरचे आम्ही सगळे पुढे सरकून बसलो होतो. संगणकाने रचलेल्या पाठलागात आपण वेग पाहतो. इथे एक माणूस पडू शकतो, हे आपल्याला दिसते. गरीब चित्रपटांचे मोठे भांडवल हेच होते. पैसा नसे, म्हणून माणूस खरोखर उडी मारी, मोटार खरोखर आदळे. टॅरेंटिनो यांना हे उमगले आहे, आणि म्हणून उत्तरार्धात रेघा आणि जोड जवळपास नाहीसे होतात तरी मुजऱ्याला बाधा येत नाही. ‘प्लॅनेट टेरर’ने त्या चित्रपटांची कांती घेतली, ‘डेथ प्रूफ’ने त्यांचे कष्ट घेतले, माझ्या लेखी दुसऱ्याचे पारडे जड आहे.

यानंतर आलेल्या अशा प्रकारच्या चित्रपटांत २००९चा ‘ब्लॅक डायनामाइट’ अवश्य पाहावा. चौकटीत घुसणारा ध्वनिमुद्रणाचा माइक, त्याकडे नकळत वळणारी नटाची नजर, अशा चुका त्यातले नायक मायकल जाय व्हाइट इतक्या निष्ठेने करतात, की त्यात टवाळी उरत नाही. टाय वेस्ट यांचा २०२२चा ‘एक्स’ व्रणांचा सोस टाळतो आणि १९७९ सालचा काळ पटकथेतून उभा करतो. त्याच मुक्कामात न्यूझीलंडमध्ये त्यांनी ‘पर्ल’ही चित्रित करून घेतला, आणि एका सेटवर दोन चित्रपट काढण्याची ही रीत कॉर्मन यांच्या घराण्यातलीच आहे.

हिंदीत हे ऋण कोणी मानले, असे विचाराल तर दोन कामे सांगता येतील. रामसे कुटुंबाने १९७२ साली महाबळेश्वरला मुक्काम ठोकून ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला आणि त्यांच्यामागून जी स्वस्त भयपटांची लाट आली, तिच्या पोटातले जग आशिम अहलुवालिया यांनी २०१२च्या ‘मिस लव्हली’मध्ये दाखवले. त्यात नवाजुद्दीन सिद्दीकी आहेत, ओशट उजेड आहे, आणि सेन्सॉरनंतर प्रिंटमध्ये घुसवल्या जाणाऱ्या ‘बिट’चा, म्हणजे अश्लील तुकड्यांचा, व्यवहार आहे. वासन बाला यांची २०२३ची ‘सिनेमा मरते दम तक’ ही मालिका तर त्या काळच्या दिग्दर्शकांनाच तुटपुंज्या पैशांत पुन्हा चित्रपट करायला लावते. दोन्ही कामे उत्तम आहेत. पण दोन्हींत निर्माते आणि नटनट्या आहेत, टॉकीज नाही. एकाच प्रिंटवर दोन टॉकीजमध्ये खेळ लावून रिळे सायकलवरून पोहोचवणारा पोरगा, सायकल पंक्चर झाल्यावर शिट्ट्या मारणारे प्रेक्षक, मधलेच रीळ आधी लागल्यावर केबिनकडे वळणाऱ्या माना, हे सारे घेऊन हिंदीत अजून जोडखेळ व्हायचा आहे, आणि तो करायला इंदूरसारखे गाव नाही.

संच घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात येतो आणि अमेरिका ‘ए’ विभागात, तेव्हा आपल्या प्लेअरवर परदेशी डिस्क चालते का, हे मागवण्यापूर्वी पाहावे. वेष्टनावर १९१ मिनिटांची, चित्रपटगृहातलीच आवृत्ती असल्याची खात्री करावी. हिंसा आणि लैंगिक उल्लेख भरपूर आहेत, त्यामुळे घरात मुले असतील तर हा खेळ लावू नये. मध्यांतर हवेच असेल, तर ते दोन चित्रपटांमधल्या तिन्ही झलका संपल्यावर घ्यावे. अमेरिकेत काही प्रेक्षक ‘प्लॅनेट टेरर’ संपताच खेळ आटोपला असे समजून उठून गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, चित्रपटाची तिथली कमाई जेमतेम अडीच कोटी डॉलरच्या घरात राहिली, आणि युरोपात तो दोन तुकडे करूनच विकला गेला.