पणजीत दोन रात्री: फोंतेन्हासमधलं घरगुती गेस्टहाऊस की पाट्टोचं हॉटेल?

मी दोन्हीकडे राहिलोय म्हणून सांगतो, पहाटेच्या बसने पणजीत उतरणार असाल तर पाट्टो सोयीचं, कदंबा बस स्टँड अगदी बाजूला, लिफ्ट असते, रिसेप्शनला रात्री कोणीतरी जागं असतं, एसी चालतो. बस एवढंच, खिडकीतून ऑफिसांच्या बिल्डिंगा दिसतात.

फोंतेन्हास तिथून ओरें खाडी ओलांडली की चालत दहा-पंधरा मिनिटं. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे पिवळी-निळी-लाल कौलारू घरं, आणि त्यातल्याच एखाद्या घरात तुमची खोली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, घरच्या मावशी गरम पोई (गोव्याचा गोल पाव) घेतात आणि तीच तुमच्या ताटात येते, हा नाश्ता हॉटेलच्या बुफेत कुठून मिळणार! शिवाय कुठे मासे चांगले, कुठली बस मडगावला जाते, हे घरातलेच सांगतात.

त्रास पण आहे. जिना अरुंद आणि लाकडी, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना खालचीच खोली मागा. भिंती पातळ असल्या तर शेजारचं खोकणं ऐकू येतं, रात्री उशिरा येणार असाल तर आधी फोन करून सांगा कारण दार उघडायला घरचंच माणूस उठतं. गाडी असेल तर पार्किंगचं आधीच विचारा, गल्ल्या फार बारीक आहेत.

आणि प्लीज लोकांच्या दारात उभं राहून फोटोशूट करू नका, तिथे माणसं राहतात. मी तरी पुढच्या वेळी फोंतेन्हासच घेणार.