कांथारी, तिरुवनंतपुरम: सात महिने राहून काय मिळतं?

कांथारी म्हणजे स्वतःचं सामाजिक काम किंवा संस्था सुरू करू पाहणाऱ्यांना शिकवणारी संस्था, तिथे जाऊन काय मिळतं हे बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकते. मी स्वतः तिथे शिकलेली नाही, माझी मावसबहीण शिकली, मी आपली तिला भेटायला रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसने गेलेले आणि चार दिवस तिरुवनंतपुरमात राहिले, त्यामुळे रिव्ह्यू अर्धा माझा अर्धा तिचा समजा.

कांथारी हा शब्द मुळात केरळातल्या बारक्या मिरचीचा, आपली लवंगी असते ना तशीच, दिसायला एवढुशी पण चावली की ब्रह्मांड आठवतं. संस्थेचं नाव तिच्यावरूनच. साब्रिये टेनबर्केन आणि पॉल क्रोनेनबर्ग यांनी २००९ मध्ये वेळ्ळायणी तलावाच्या काठावर हे सुरू केलं. साब्रियेंची दृष्टी लहानपणीच गेली, त्यांनी तिबेटी भाषेसाठी ब्रेल तयार केली आणि १९९८ मध्ये दोघांनी मिळून ल्हासात अंध मुलांसाठी काम सुरू केलं. म्हणजे शून्यातून संस्था उभी करताना काय काय वाट्याला येतं ते या दोघांनी आधी स्वतः भोगलंय, आणि हा फरक शिकवण्यात दिसतो.

मला सगळ्यात आवडलं ते सुरुवातीचं प्रकरण. तुमची आयडिया लगेच खऱ्या गावात न्यायची नाही, आधी एक काल्पनिक देश असतो, तिथे प्रोजेक्ट उभा करायचा, माणसं जमवायची, अडचणी आल्या की निस्तरायच्या. बहिणीला सुकी मासळी विकणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करायचं होतं, मला म्हणाली, "ताई, माझी आयडिया तिसऱ्या आठवड्यातच मेली गं, बरं झालं तिथेच मेली, मिरकरवाड्यात नाही मेली." (मिरकरवाडा म्हणजे आमच्या रत्नागिरीचं मासळी बंदर.) हे वाक्य मी अजून विसरले नाहीये. कारण याआधी मी एका शहरातली फेलोशिप केली होती (नाव नको), तिथे हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवस पीपीटी, पिच डेक (पैसे देणाऱ्यांना आयडिया पटवायच्या स्लाइड्स), ग्रुप फोटो, आणि मग डायरेक्ट खेड्यात पाठवलेलं, बचत गटातल्या बायकांनी आमच्या चुका सोसल्या आणि सर्टिफिकेट मिळालं आम्हाला.

इथे सात महिने कॅम्पसवर आणि त्यानंतर पाच महिने आपापल्या गावी जाऊन कामाची सुरुवात, असं वर्षाचं गणित आहे. बजेट, पैसे उभे करणं, भाषण हे सगळं शिकवतात, शेवटी प्रत्येकाला लोकांसमोर उभं राहून आपलं स्वप्न सांगायचं असतं. डिग्री मागत नाहीत पण वय किमान २२ लागतं आणि मुख्य म्हणजे तुम्ही ज्या प्रश्नावर काम करणार तो तुमच्या अंगावरून गेलेला असावा ही अपेक्षा. अंध, युद्धातून आलेले, घरातून हाकललेले असे वेगवेगळ्या देशांतले लोक एका छताखाली राहतात. टिफनी ब्रार इथेच शिकल्या, त्यांची ज्योतिर्गमय ही अंधांसाठीची संस्था तिरुवनंतपुरमातच आहे.

आता खटकलेलं सांगते. सगळं इंग्रजीत चालतं, म्हणजे आमच्याकडची एखादी हुशार पोरगी जी मालवणीत अख्खी ग्रामसभा गाजवेल ती अर्जापाशीच अडणार, याला माझ्याकडे तरी उत्तर नाही. आणि नोकरी मिळवून देणारा कोर्स शोधत असाल तर इथे जाऊच नका, घरच्यांना "मग पुढे काय" याचं उत्तर देता येत नाही, मावशीने सात महिने तोच एक प्रश्न विचारला. शिष्यवृत्त्या असतात, तरी खर्चाचं आधी नीट विचारून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा इंग्रजीचा कापला. भेटायला जाणार असाल तर तिकीट आधीच काढा, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं ते बघूनच स्टेशनवर जा.