स्मरणशक्ती मूल्यमापन सेवा : विल्यम्स सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आईचा अभिप्राय

विल्यम्स सिंड्रोम असलेल्या माझ्या मुलीसाठी आम्ही पुण्यातील एका बालविकास केंद्रात स्मरणशक्तीचे सविस्तर मूल्यमापन करून घेतले, आणि या सेवेविषयी इतर पालकांना माहिती असावी असे मनापासून वाटते. सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावरचा, इलॅस्टिन या प्रथिनाच्या जनुकासह सुमारे २६ ते २८ जनुकांचा तुकडा गळाल्याने ही स्थिती जन्मतःच उद्भवते.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तिची बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी पूर्वीच झाली होती. मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी कामत यांनी केलेले व १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते काम मोठेच आहे. परंतु शेवटी हाती येतो तो एकच बुद्ध्यंक, आणि मुलीला काय लक्षात राहते व काय निसटते हे त्यातून उमगत नाही. येथे मात्र स्मरणाचे प्रकार वेगवेगळे तपासले गेले. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखवणे तिला जवळजवळ वयानुरूप जमले, तेच उलट क्रमाने म्हणताना ती अडखळली, आणि परीक्षकाने ज्या ठोकळ्यांना ओळीने बोट लावले त्यांना त्याच ओळीने बोट लावणे तिला फारच थोडे साधले. विल्यम्स सिंड्रोममध्ये असे चित्र वारंवार आढळते, तर डाऊन सिंड्रोममध्ये साधारणपणे ऐकलेले कमी टिकते आणि पाहिलेल्या जागा तुलनेने बऱ्या लक्षात राहतात, हे मानसतज्ज्ञ बाईंनी शांतपणे समजावले. फळ्यावरचे उतरवून घेण्यातील ज्या दिरंगाईला शाळेत आळस म्हटले जात होते, तिचे कारण आम्हाला येथे मिळाले. आता शाळेतील बाई तिला मजकूर तोंडी, लहान लहान तुकड्यांत सांगतात. मोठ्या आवाजाचा तिला होणारा त्रास ओळखून चाचणीची खोली आपणहून बदलण्यात आली, याचेही मला फार अप्रूप वाटले.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीतील यादी सरळ इंग्रजीवरून भाषांतरित केलेली होती. शब्द जितके लांब तितके कमी टिकतात हे सर्वज्ञात असताना चार-पाच अक्षरी मराठी शब्दांवर मिळालेले गुण परदेशी मुलांच्या सरासरीशी ताडणे मला न्याय्य वाटत नाही. अहवालही केवळ इंग्रजीत मिळाला, त्यामुळे घरी रोज तिचा अभ्यास घेणाऱ्या आजीला तो मला वाचून, उलगडून सांगावा लागला. शुल्क बरेच आहे.

तरीही ज्यांच्या मुलांचे जनुकीय निदान झालेले आहे आणि शाळा केवळ बुद्ध्यंकावर बोट ठेवते, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. मात्र नोंदणी करतानाच मराठी अहवाल मागावा, चाचण्या एका बैठकीत न उरकता दोन सकाळींत विभागून घ्याव्यात, आणि अहवालावरील चर्चेला शक्य झाल्यास वर्गशिक्षिकेलाही सोबत न्यावे.