हबवर परतायचंय: आइसकाल्ट टाकू की एअरडीसी?

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात दिवस काढलेल्यांना डीसी++ची, म्हणजे एकमेकांच्या मशीनवरून फायली घ्यायच्या-द्यायच्या प्रोग्रामची, ओळख करून द्यायला नको. बाहेरचं नेट मेलेलं असायचं, पण लॅनवरचा (हॉस्टेलच्या आतल्या नेटवर्कवरचा) हब, म्हणजे सगळे जमायचे तो सर्व्हर, रात्री तीनलाही जागा. परवा तेव्हाच्या रूममेटचा फोन आला: "लॅपटॉपवर आता लिनक्स आहे रे, हबवर यायला काय टाकू?" त्याला फोनवर अर्धवट सांगितलं, ते इथे नीट लिहितो.

डायरेक्ट कनेक्ट हे नेटवर्क जॉन हेसने १९९९ साली नियोमोडस या नावाखाली काढलं. २००१ मध्ये यात्सेक सिएकाचा मुक्तस्रोत डीसी++ आला आणि मूळ क्लायंट (हबला जोडणारा आपल्या मशीनवरचा प्रोग्राम) मागे पडला. हब फक्त गप्पा आणि शोध सांभाळतो, फाइल थेट समोरच्याच्या मशीनवरून येते. गोची एवढीच की डीसी++ विंडोजपुरता आहे. लिनक्स किंवा मॅकवर कामाचे पर्याय दोन: आइसकाल्टडीसी++ आणि एअरडीसी++ वेब.

आइसकाल्ट म्हणजे खराखुरा डेस्कटॉप प्रोग्राम. हबांचे टॅब, उजवीकडे निकांची (टोपणनावांची) यादी, खाली चालू डाउनलोड. हॉस्टेल सोडून पंधरा वर्षं झाली असली तरी हात आपोआप चालतो. डेबियन-उबुंटूच्या सॉफ्टवेअर भांडारात तो तयार मिळतो, क्यूटी आणि जीटीके (खिडक्या-बटणं काढणारी दोन टूलकिटं) अशा दोन रूपांत. मी क्यूटीवालाच घ्या म्हणेन. दिसायला जुनाट आहे, पण हबवर जाणारा माणूस देखणेपणा बघायला जात नाही.

एअरडीसीचा वेब क्लायंट मात्र खिडकीच उघडत नाही. तो मागे चालत राहतो आणि आपण ब्राउझरमधून ५६०० पोर्टवर त्याच्याशी बोलतो. पहिल्यांदा टर्मिनलमध्ये युझर आणि पासवर्ड ठरवावा लागतो, तिथे निम्मे लोक कंटाळतात. पण एकदा बसला की कपाटावरच्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चोवीस तास चालतो आणि लॅपटॉप मिटला तरी डाउनलोड थांबत नाही. शिवाय आख्खा फोल्डर तो एकच बंडल म्हणून रांगेत लावतो, त्यामुळे चाळीस फायलींचा अग्रक्रम एकेक करून बदलत बसावं लागत नाही. इथे आइसकाल्ट मागे पडतो.

आता मराठी माणसाचा प्रश्न. मेन चॅटवर 'जेवलास का' लिहिलं आणि समोर नुसती प्रश्नचिन्हं उमटली, हे कोणी कोणी भोगलंय? नियोमोडसच्या जुन्या एनएमडीसी प्रोटोकॉलमध्ये अक्षरांचं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) ठरवलेलंच नाही, ज्याचं त्याचं मशीन आपापलं लावतं. आइसकाल्टमध्ये आवडत्या हबच्या सेटिंगमध्ये प्रत्येक हबचं एन्कोडिंग वेगळं निवडता येतं. तिथे यूटीएफ-८ करा, त्यात देवनागरी चालते. समोरच्यानेही तेच केलेलं असलं पाहिजे, नाहीतर प्रश्नचिन्हं कायम. हबचा पत्ता एडीसीने (नंतरच्या प्रोटोकॉलच्या नावाने) सुरू होत असेल तर ही भानगडच नाही, तिथे यूटीएफ-८ सक्तीचं आहे. एडीसीएस असेल तर जोडणी एन्क्रिप्टेडही असते.

पॅसिव्ह मोडच्या, म्हणजे बाहेरून कुणी आपल्या मशीनशी थेट जोडू शकत नाही त्या अवस्थेच्या, बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, मग क्लायंट कुठलाही असो, आपण पॅसिव्हच. आणि दोन पॅसिव्ह माणसांत फाइल सहसा जात नाही. समोरचा निकांच्या यादीत दिसतो, त्याची फाइल मात्र येत नाही. अशा वेळी क्लायंट बदलत बसू नका, ब्रॉडबँडवाल्याकडे सार्वजनिक आयपी मागा.

शेअर करताना घाई नको. मी पहिल्याच दिवशी आख्खा होम फोल्डर टाकला आणि जेवायला गेलो. हॅशिंग (प्रत्येक फाइलची ओळखखूण काढणं) संपलं, फाइललिस्ट सगळ्यांना खुली झाली. परत आलो तर पर्सनल मेसेज: "दादा, तुमची दहावीची मार्कशीट पण शेअर झालीय. गणितात एवढेच?" स्वतंत्र फोल्डर करा आणि त्यात फक्त स्वतःच्या हक्काचं किंवा खुल्या परवान्याचं ठेवा.

रूममेटला मी आइसकाल्ट टाकायला लावला, कारण त्याच्याकडे एकच लॅपटॉप आणि त्याला मुख्यतः गप्पाच मारायच्या आहेत. माझ्याकडे दोन्ही आहेत: कपाटावर एअरडीसी, टेबलावर आइसकाल्ट. एका हबवर एकच निक दोनदा चालत नाही, म्हणून टेबलावरच्या निकापुढे मी 'धाकटा' जोडलंय. लोक अजून थोरल्यालाच मेसेज टाकतात आणि तो कधीच उत्तर देत नाही.